मदत हवी आहे: केसमध्ये एलिस की बेक, कसं ठरवायचं?

सोलापूर, एमए मानसशास्त्र, मराठी माध्यम. समुपदेशनाच्या पेपरात रॉजर्स, फ्रॉइड जमतात. अडतं ते अल्बर्ट एलिसची आरईबीटी (विवेकनिष्ठ भावनिक वर्तन उपचारपद्धती, 1955) आणि आरन बेकच्या बोधात्मक उपचारपद्धतीत. तक्ता पाठ आहे: एकीकडे ए-बी-सी (घटना, तिच्याबद्दलची धारणा, परिणाम), दुसरीकडे स्वयंचलित (आपोआप मनात येणारे) विचार आणि नकारात्मक त्रिकूट (स्वतः, जग आणि भविष्याबद्दलचे नकारात्मक विचार). पण केस आली की घोळ. उदा. यंत्रमाग कामगार म्हणतो, "काम सुटलं, बाप म्हणून मी नालायकच." एलिसप्रमाणे मागचा ‘बापानं घर चालवलंच पाहिजे’ हा हट्ट खोडायचा, बेकप्रमाणे ‘नालायक’ला पुरावा काय, हे त्याच्याकडूनच तपासून घ्यायचं. दोन्ही लिहिलं की खिचडी होते. गाइड सुचवू नका, त्यांत दोघांनाही सरसकट सीबीटी (बोधात्मक वर्तन उपचार) म्हणून मोकळे होतात. प्रश्नात पद्धतीचं नाव नसेल, तर केसमधल्या कोणत्या शब्दांवरून एकच निवडायची, आणि दहा गुणांच्या उत्तरात त्या निवडीचं समर्थन किती ओळींत करायचं?