मदत हवी आहे : टाकीतल्या चेरी श्रिंप (छोट्या लाल कोळंब्या) रोज तीन-चार मरतायत, मासे मात्र ठणठणीत (नाशिक)

गोदाकाठची

मंडळी, घाई आहे म्हणून थेट लिहिते. गंगापूर रोडला फ्लॅट, हॉलमध्ये दोन फुटी प्लँटेड टाकी, पाणी साधारण ६० लिटर. स्पंज फिल्टर, भरपूर जावा मॉस, तळाला अ‍ॅक्वासॉइल (पाणवनस्पतींसाठीची दाणेदार माती). मार्चमध्ये १५ चेरी श्रिंप आणल्या. एप्रिल-मे कसाबसा काढला. दुपारी पाणी ३१ अंशांवर जायचं, मग टाकीवर छोटा पंखा आणि गोठवलेल्या पाण्याची बाटली. पावसाळा लागला आणि त्यांनी जी पैदास सुरू केली ती विचारू नका. मॉसमध्ये दोन-दोन मिलिमीटरची पिल्लं, अंग पारदर्शक, नुसते डोळ्यांचे ठिपके फिरताना दिसायचे. दसऱ्यापर्यंत शंभरच्या घरात गेल्या असतील. मोजणं मी सोडूनच दिलं होतं.

दिवाळीनंतर कुणाची दृष्ट लागली कोण जाणे. सहा दिवसांत २३ गेल्या. काल रात्री टॉर्च घेऊन बसले होते. एक मोठी मादी, पोटाखाली पिवळसर अंडी. आधी टाकीभर वेड्यासारखी पोहली, मग मॉसवर आडवी पडली. पडल्या पडल्याही पोटाखालचे पाय हलतच होते, अंड्यांना वारा घालत. सकाळी तेही थांबलं.

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, पीएच ७.४, पाणी २२ अंश. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ३४०, ऑगस्टमध्ये २१० होता. पाणी महापालिकेचं, पण नळाला खंड पडला की सोसायटी बोअरचं सोडते. बादलीत दिवसभर ठेवून मग घालते. सोबत आठ एंबर टेट्रा मासे आहेत, त्यांना काही झालेलं नाही. औषध नाही, खत नाही, खाणं तेच. काय चुकतंय?

काचेपलीकडे

नाशिकची थंडी सुरू झाली ना, तीच. हीटर घ्या आणि २६ ला लावा.

शेवाळप्रेमी

थंडीला उगाच दोष देऊ नका. चेरी १८ अंशांतही राहते. पैदास मंदावते, अंडी फुटायला महिन्याहून जास्त लागतो, एवढंच. २२ ला कुणी मरत नाही. त्यांचा खरा शत्रू आपला मे महिना, आणि तो यांनी पार केलाय.

ताई, मला टीडीएस खटकतोय. पंख्याने पाणी उडतं ते नुसतं पाणी, क्षार टाकीतच राहतात. त्यावर तुम्ही बोअरचं जड पाणी ओतत गेलात. तूट भरायला आरओचं पाणी घ्यायचं आणि पाणी बदलतानाच नळाचं. आता घाबरून अर्धी टाकी रिकामी करू नका. क्षार एकदम बदलले की कोळंबी अवेळी कात टाकायला जाते आणि अर्ध्यात अडकते. मेलेल्यांच्या मानेमागे गोल पांढरी रेघ दिसते का? दिसली तर हेच.

गोदाकाठची

दहा-बारा भिंगाखाली बघितल्या. पांढरी रेघ एकीलाही नाही. टाकलेल्या काती अख्ख्या सापडतात.

निळी_वेल्वेट

थोडं अवांतर: चेरीत निळ्या रंगाच्या कोळंब्या मिसळल्या नाहीत ना? पुढच्या पिढ्या मातकट होतात.

जुना_खेळाडू

निळ्यांचं नंतर बघू हो, इथे जीव चाललेत. ताई, एकच विचारतो. टाकीत गोगलगायी होत्या का, आणि आज त्या कुठे आहेत?

गोदाकाठची

रॅम्सहॉर्न होत्या की, रोज काचेवर दहा-पंधरा तरी दिसायच्या. आत्ता शोधल्या तर तळाला नुसते शंख. दोन उचलून बघितले, रिकामे आणि वास मारणारे. कोळंबीच्या नादात माझं लक्षच गेलं नाही.

जुना_खेळाडू

मग थंडीही नाही आणि टीडीएसही नाही. कोळंबी गेली, गोगलगाय गेली, मासा ठीक, अमोनिया शून्य. मला तरी हे तांबं वाटतंय. माशाच्या मानाने या दोघींना तांबं फारच थोडं पुरतं. म्हणून तर माशांच्या काही औषधांवर कोळंबीच्या टाकीत वापरू नका असं लिहिलेलं असतं. घरात गीझर, नवी पाइपलाइन, तांब्याचा हंडा, काही?

गोदाकाठची

गीझरचं पाणी घेत नाही. हंडा शोभेला आहे. पण थांबा, एक बघून येते.

...

कपाळावर हात मारून घेतलाय. टाकीची बादली वेगळी ठेवली होती, लाल, झाकणाची. दिंडोरीला आमची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी झाल्यावर सासरे ती बादली घेऊन गेले होते, दिवाळीच्या फराळाचे डबे आणताना परत आणली. तीनदा धुतली म्हणतात. आत्ता बादली उजेडात उलटी धरली तर तळाच्या कडेला, जिथे बोट पोचत नाही त्या खाचेत, निळसर रेघ. त्यांना फोन केला. म्हणाले, "मोरचूद भिजवायला प्लास्टिकच लागतं, लोखंडी घमेलं खाऊन टाकतं ते." मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार!

शेवाळप्रेमी

बोर्डो! द्राक्षांवर फवारतात ते बुरशीचं औषध. मीही निफाडचाच, तरी डोक्यात आलं नाही. शंभर लिटरला किलो मोरचूद आणि किलो चुना. चुना पुरला का हे बघायला आमच्याकडे विळा बुडवतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी. टाकीत विळा घालून बघता येईल का?

जुना_खेळाडू

नाही, इतकं थोडं तांबं विळ्यावर दिसणार नाही. तांब्याचं टेस्ट किट मिळतं, ते आणा. हिशेब सांगतो. मोरचुदात वजनाने साधारण पाव भाग तांबं. अर्धा ग्रॅम मोरचूद जरी गेलं तरी ६० लिटरमध्ये लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या आसपास होतं. कोळंबीचा जीव जायला त्याच्या दशांशही पुरतं. आणि तुम्ही त्याच बादलीने दर दोन दिवसांनी तूट भरताय.

किटची वाट बघू नका. जिवंत असतील त्या आत्ताच दुसऱ्या स्वच्छ डब्यात काढा. नवीन स्पंज, क्लोरीन काढलेलं पाणी, आरओ मिसळून टीडीएस आणि तापमान टाकीच्या जवळपास. नळी लावून तासाभरात थेंब थेंब सवय करा. जास्त लांबवू नका, जुन्या पाण्यात जाणारा प्रत्येक तास विषातलाच आहे. अंडीवाल्या आधी.

गोदाकाठची

दुसऱ्या दिवशीचं सांगते. किटचा रंग आला, तांबं आहेच. ३१ निघाल्या, त्यातल्या तीन अंडीवाल्या. फरसाणाच्या मोठ्या बरणीत ठेवल्यात. रात्रीत दोन गेल्या, सकाळपासून एकही नाही. एकीच्या अंड्यांत डोळ्यांचे काळे ठिपके दिसायला लागलेत.

टाकीचं काय करू? पाणी बदलून, कार्बन घालून चालेल? मॉस ठेवू का?

जुना_खेळाडू

डोळे दिसले म्हणजे आठवड्याच्या आत पिल्लं सुटतील, बरणीत मूठभर स्वच्छ मॉस हवं. तुमचं वापरू नका, कुणाकडून तरी मागा. टाकीतली अ‍ॅक्वासॉइल काढून टाका. ती तांबं धरून ठेवते आणि पुढे कधीतरी सोडते. काच आणि दगड घासून धुवा. कार्बन थोडंफार ओढेल, भरवसा नको. भरल्यावर आधी चार गोगलगायी सोडा आणि पंधरा दिवस थांबा.

निळी_वेल्वेट

मॉस माझ्याकडे आहे, इंदिरानगरला असते. संध्याकाळी घेऊन जा. बादली मात्र आणू नका.

गोदाकाठची

डबा घेऊन येते. बादली सासऱ्यांनी बागेवर परत नेली, म्हणे मुळात ती त्यांचीच होती.