लष्कराने नेऊन दाखवलेले युद्ध: वृत्तावर कितपत विसंबावे?

कोयनाकाठ
नुकतेच एका ज्येष्ठ युद्धवार्ताहरांचे व्याख्यान ऐकले. गोळीबाराच्या हकिकतींपेक्षा त्यांनी परवान्यांविषयीच अधिक सांगितले: कोणत्या चौकीवर कोणाची सही लागते, बातमी पाठवण्याआधी ती कोण वाचते, लष्कराची गाडी कोणत्या गावात थांबते आणि कोणत्या गावातून न थांबता पुढे जाते. श्रोत्यांचे प्रश्न मात्र 'भीती वाटली का' याच वळणाचे असल्याने माझी शंका विचारायची राहिली. सैन्याच्या सोबतीशिवाय आघाडी गाठता येत नसेल, तर त्या सोबतीत लिहिलेल्या वृत्तावर वाचकाने कितपत विसंबावे? जाणकारांनी उदाहरण देऊन सांगावे, ही विनंती.

मांडवीतीर
अँथनी मस्करेन्हस यांच्याइतके चपखल उदाहरण मला सुचत नाही. घराणे गोव्याचे, जन्म बेळगावचा, नोकरी मात्र कराचीच्या 'मॉर्निंग न्यूज'मध्ये. मार्च १९७१ मध्ये परदेशी वार्ताहरांना ढाक्यातून बाहेर काढल्यानंतर, पूर्व पाकिस्तानात सारे सुरळीत असल्याचे जगाला सांगता यावे म्हणून पाकिस्तानी लष्कराने एप्रिलमध्ये आपल्याच देशातील आठ पत्रकारांना दौऱ्यावर नेले. सात जणांनी अपेक्षेप्रमाणे लिहिले. मस्करेन्हस यांनी कोमिल्ल्यात अधिकाऱ्यांसोबत राहून जाळपोळ आणि हत्या पाहिल्या, आणि रात्री मेसमध्ये आज कोणी किती मारले याच्या गप्पाही ऐकल्या. यजमान त्यांना आपलाच माणूस समजत होते, म्हणूनच बाहेरच्या कोणाच्याही कानावर पडले नसते ते त्यांच्या कानावर पडले, असे मला वाटते.

कराचीत सेन्सॉर असल्याने आजारी बहिणीला भेटण्याचे निमित्त करून ते लंडनला गेले आणि 'संडे टाइम्स'चे संपादक हॅरल्ड इव्हान्स यांना त्यांनी सर्व सांगितले. पण पत्नी आणि पाच मुले पाकिस्तानबाहेर पडेपर्यंत काहीही छापता येणार नव्हते. संशय येऊ नये म्हणून ते स्वतः परतले, कुटुंबाला पुढे पाठवले आणि नंतर खुश्कीच्या मार्गाने अफगाणिस्तानात निसटले. १३ जून १९७१ रोजी तो वृत्तान्त छापून आला. तेव्हा लष्करासोबत गेला म्हणून वार्ताहर बाद ठरत नाही; परतल्यावर त्याला काय लिहिता आले, हे पाहावे.

पानगळ
मस्करेन्हस यांच्याविषयी मलाही नितांत आदर आहे, परंतु वाचकाच्या वाट्याला बहुतेक वेळा उरलेल्या सात जणांचेच लेखन येते, हे विसरून चालणार नाही. शिवाय नियंत्रण दोन्ही बाजूंना असते. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकी सैन्याने वार्ताहरांचे निवडक गट करून त्यांना आघाडीवर नेले, तर बगदादमध्ये राहिलेल्या, सीएनएन या अमेरिकी वृत्तवाहिनीच्या पीटर आर्नेट यांच्या वार्ता इराकी सेन्सॉरच्या नजरेखालून जात. बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेला एक कारखाना त्यांना दाखवला गेला, तेव्हा तेथे बाळांच्या दुधाची भुकटी बनत असे, असे वृत्त त्यांनी दिले. अमेरिकी सरकारने तो जैविक अस्त्रांचा कारखाना असल्याचा दावा केला आणि आर्नेट यांच्यावर टीकेची झोड उठली. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की ही वार्ता सेन्सॉरने तपासलेली आहे असे सीएनएन प्रेक्षकांना सांगत असे. अशी सूचना जेथे नसते, तेथे मी अधिक सावध होतो.

उंबरठा
सोबत नाकारल्यास काय किंमत पडते, तेही सांगितले पाहिजे. सप्टेंबर २००९ मध्ये अफगाणिस्तानातील कुंदूझजवळ नाटोच्या विमानांनी इंधनाच्या टँकरवर हल्ला केला. त्यात सामान्य नागरिक मेले का, हे स्वतः पाहण्यासाठी 'न्यू यॉर्क टाइम्स'चे स्टीफन फॅरेल आणि त्यांचे अफगाण सहकारी सुलतान मुनादी लष्कराशिवाय तेथे गेले, आणि तालिबानने दोघांनाही पळवले. ब्रिटिश कमांडोंनी केलेल्या कारवाईत फॅरेल सुटले, मुनादी मात्र गोळ्यांना बळी पडले. दुभाषा आणि वाटाड्या म्हणून काम करणारी अशी स्थानिक माणसे स्वतः पत्रकार असतात, आणि परदेशी वार्ताहर मायदेशी परतल्यावरही त्यांना त्याच गावात राहायचे असते. व्याख्यात्यांना पुन्हा गाठता आले, तर त्यांच्या अशा सहकाऱ्यांविषयी अवश्य विचारावे.