आधी थोडं पेरॉक्साइड देऊनही यीस्टमध्ये फरक का दिसत नाही?

प्रॅक्टिकलग्रस्त: एमएस्सी मायक्रो, शेवटचं वर्ष. बेकरीतून आणलेलं यीस्ट वायपीडीत (यीस्ट वाढवायचं ग्लुकोजवालं माध्यम) रात्रभर शेकरवर, ३० अंशांना. सकाळी दोन भाग केले. एकाला ०.२ मिलिमोलर हायड्रोजन पेरॉक्साइड तासभर, दुसऱ्याला नुसतं पाणी. मग दोन्हींना २ मिलिमोलर, पुन्हा तासभर, आणि प्लेटिंग, म्हणजे जगलेल्या पेशींच्या कॉलनी मोजायला. आधी चटका बसलेलं यीस्ट जास्त तगायला हवं ना? माझ्या दोन्ही प्लेट सारख्याच भरगच्च. तीनदा केलं. गाईड म्हणतात विषय बदल. सबमिशन तोंडावर आहे हो.

जुना_शेकर: विषय राहू दे, यीस्टचं वय बदल. रात्रभरात ग्लुकोज संपतं आणि यीस्ट स्वतःच केलेल्या अल्कोहोलवर श्वसन करू लागतं. ग्लुकोज असेपर्यंत दबलेली, पेरॉक्साइड मोडणारी कॅटालेजसारखी एन्झाइमं तेव्हा वर येतात. म्हणजे तू बाटली उघडण्याआधीच त्याने चिलखत चढवलेलं होतं. सकाळी ताज्या वायपीडीत ओडी (कल्चरचा गढूळपणा, म्हणजे पेशींची दाटी) ०.१ ला सोड, तीन-चार तासांनी ०.४ आली की प्रयोग कर. शिवाय गच्च कल्चरमध्ये सगळ्या पेशी मिळून पेरॉक्साइड फस्त करतात. तिथे २ मिलिमोलर म्हणजे वाटीभर आमटीत गावजेवण.

पीएचडी_चौथं_वर्ष: पेरॉक्साइडची बाटली कधीची? लेबलवरच्या ३० टक्क्यांवर विसंबू नका. २४० नॅनोमीटरला प्रकाशाचं शोषण मोजा, १० मिलिमोलरला साधारण ०.४४ यायला हवं. क्युव्हेट क्वार्ट्झचीच घ्या, प्लॅस्टिकच्या क्युव्हेटने माझा एक अख्खा दिवस खाल्ला.

प्रॅक्टिकलग्रस्त: धन्यवाद! पण सर, व्हायव्हात विचारलं तर? पेशीला कळतं कसं?

जुना_शेकर: यॅप१ नावाचं प्रथिन एरवी केंद्रकात शिरतं आणि सीआरएम१ हे वाहक प्रथिन त्याला लगेच बाहेर काढतं. पेरॉक्साइड आलं की आधी जीपीएक्स३ या दुसऱ्या प्रथिनाचं ३६ वं सिस्टीन (गंधक असलेलं अमिनो आम्ल) ऑक्सिडाइज होतं. ते यॅप१ च्या ५९८ व्या सिस्टीनला धरतं, आणि शेवटी यॅप१ मध्येच ३०३ आणि ५९८ यांच्यात डायसल्फाइड (गंधक-गंधक) बंध बसतो. त्या घडीत बाहेर जाण्याची खूण झाकली जाते. मग यॅप१ आतच थांबतं आणि थायोरेडॉक्सिन, ग्लुटाथायोन वगैरे बचावाच्या रेणूंची जनुकं चालू करतं. गंमत बघ, जीपीएक्स३ हे पेरॉक्साइड मोडणाऱ्या एन्झाइमांच्या घराण्यातलं, पण इथे त्याचं काम चहाडी करायचं.

प्रॅक्टिकलग्रस्त: झालं!! ओडी ०.४ ला केलं. नुसतं पाणी दिलेल्या प्लेटवर १४ कॉलनी, चटका दिलेलीवर मोजताच येईनात, डायल्यूशन वाढवून परत लावल्यात. बाटलीही निम्म्याच ताकदीची निघाली. आता गाईड म्हणतात मेनाडायोनवरही (पेशीत सुपरऑक्साइड तयार करणारं रसायन) दाखव. पेरॉक्साइड दिलेलं यीस्ट त्यालाही टिकेल ना?

जुना_शेकर: नाही टिकणार. उलटं मात्र चालतं. आधी थोडं मेनाडायोन दे, मग पेरॉक्साइड सोसेल. दोन्ही बाजूंनी लाव, नवा तक्ता आयता मिळेल. आणि बाटली फ्रिजमध्ये ठेव गं.