मदत हवी आहे: नेमणूक सरळसेवेची, मग आदेशात 'तात्पुरती' कशी?

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीची सरळसेवेतून, म्हणजे सरकारी पदावरच्या थेट भरतीतून, गट क मध्ये निवड झाली. पेढे वाटून झाले आणि मग आदेश नीट वाचला. त्यात लिहिलंय, 'अस्थायी पदावर निव्वळ तात्पुरत्या स्वरूपात नियुक्ती', खाली दोन वर्षांचा परिविक्षा कालावधी, म्हणजे काम पारखण्याचा काळ. आई तेव्हापासून गप्पच आहे.

सध्या ती आरोग्य अभियानात कंत्राटी आहे, दर 11 महिन्यांनी नवा आदेश. तिथेही शब्द 'तात्पुरती'च! मला कळतं ते इतकंच, की अ, ब, क, ड हे गट पदाचा दर्जा सांगतात. तहसीलदार गट अ, नायब तहसीलदार गट ब राजपत्रित, लिपिक गट क. पण स्थायी-अस्थायी ही भानगड वेगळीच दिसते. ऑफिसातले एक काका म्हणाले, अस्थायी पदांना शासन मुदतवाढ देत राहतं, घाबरू नका.

खरंच तसं असतं का? स्थायित्वाचा दाखला कधी मिळतो? आणि तिची चार वर्षांची कंत्राटी सेवा रजेसाठी किंवा वेतननिश्चितीत (नव्या पदावरचा मूळ पगार ठरवताना) धरतात का? कंत्राटी नोकरीचा राजीनामा तिला सोमवारी द्यायचा आहे. कुणी आस्थापना शाखेत (कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, रजा बघणाऱ्या) काम केलेलं असेल तर कृपया सांगा.