बोलेरोचं इंजिन बांधून घ्यावं की दुसरं बसवावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाडी २००९ ची बोलेरो, २५२३ सीसीचं डीआय टर्बो इंजिन, जुना यांत्रिक पंप. मालक पहिल्यापासून आम्हीच, किलोमीटर २ लाख ८६ हजार. १५ वर्षं पूर्ण झाल्यावर २०२४ मध्ये ५ हजार फी भरून पुनर्नोंदणी केली, त्यामुळे कागद २०२९ पर्यंत चालू आहेत. बॉडी, चासी, गिअरबॉक्स ठणठणीत. दुखणं फक्त इंजिनाचं.

गाडी कशाला लागते ते आधी सांगते, कारण माझा सगळा प्रश्न तिथंच अडलाय. मामांचं, म्हणजे सासऱ्यांचं, दर मंगळवारी आणि शुक्रवारी कोल्हापूरला डायलिसिस असतं. आम्ही गगनबावड्याच्या अलीकडे राहतो, एका बाजूला ४८ किलोमीटर पडतात. पहाटे ५ ला निघायचं. परत येताना ते मागच्या सीटवर उशी घेऊन आडवे होतात, एसटीत ते जमत नाही. मिस्टर पुण्यात नोकरीला, गाडी मीच चालवते. म्हणजे ही गाडी वाटेत बंद पडून चालणार नाही, आणि पंधरा दिवस गॅरेजला पडूनही चालणार नाही.

लक्षणं अशी:

६०० किलोमीटरला एक लिटर ऑइल खाते. सकाळी दोन-तीन सेल्फ मारल्याशिवाय सुरू होत नाही, आणि झाली की मिनिटभर तीनच सिलिंडरवर चालल्यासारखी थरथरते. निळा धूर. ऑइल भरायचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवलं तर थडथड उडतं. चढाला पूर्वीची ओढ नाही, तिसऱ्यावर जाणारी जागा आता दुसऱ्यावर जाते.

आमचे गावचे मिस्त्री या गाडीला पहिल्या सर्व्हिसिंगपासून ओळखतात. ते म्हणतात, इंजिन बांधूया, म्हणजे पूर्ण खोलून झिजलेले भाग बदलून पुन्हा जुळवूया: किट, हेडचं काम, क्रँक, सगळं धरून ९० हजार ते १ लाख आणि १२ ते १५ दिवस. कोल्हापुरातल्या एका गॅरेजनं सांगितलं की भंगारातल्या गाडीचं चांगलं इंजिन आणून बसवतो, फिटिंगसह ६५ हजार, दोन दिवसांत गाडी परत. हमी एक महिन्याची, तीही तोंडी. बिल मागितलं तर म्हणाले, जुन्या मालाचं बिल नसतं.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते, ते बघून घेतलं. चार सिलिंडरचे आकडे क्रमानं २६, २५, १७, २५ किलो. तीन नंबर पडलाय एवढं मलाही कळतं. पण का पडलाय ते कुणी नीट सांगत नाही.

दोन दिवसांचं काम बघून मन दुसऱ्या इंजिनाकडे ओढतं. चुकतेय का? पैसे एकदाच जमवता येतील, दोनदा नाही.

प्रतिसाद १

ताई, आधी निदान, मग निर्णय. ऑइल खाते म्हणजे रिंगा गेल्या असं समजून इंजिन खोलतात आणि नंतर कळतं की टर्बोच्या शाफ्टला खेळ होता. टर्बोकडून इनटेकला जाणारा पाइप काढून आत बोट फिरवा. ऑइलचा नुसता ओशटपणा असेल तर ठीक, थारोळं निघालं तर टर्बो बघा. ब्रीदरची, म्हणजे इंजिनातला वायू बाहेर सोडणारी, नळी तुंबली असली तरी झाकण उडतं. ती साफ करायला काहीच खर्च नाही.

कॉम्प्रेशनवर थांबू नका, लीक टेस्ट करून घ्या. पिस्टन अगदी वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि ती कुठून निसटते ते ऐकायचं. ऑइलच्या झाकणातून सूं आवाज आला तर पिस्टनच्या रिंगा किंवा लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर). सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आला तर इनटेक व्हॉल्व्ह. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा हेडला तडा. सिलिंडरमध्ये ऑइल सोडून कॉम्प्रेशन पुन्हा घ्यायची जुनी रीत डिझेलला फसवी आहे. पिस्टनच्या वर उरणारी जागा इतकी कमी असते की ऑइल जरा जास्त पडलं तरी आकडा उगाच चढतो.

प्रतिसाद २

मी फक्त कागदांबद्दल बोलतो, कारण माझ्या चुलत भावाला याच गोष्टीनं वर्षभर फिरवलंय.

इंजिन बदललं की इंजिन नंबर बदलतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. त्यासाठी ते इंजिन कुठून आलं याचा पुरावा हवा, म्हणजे खरेदीचं बिल आणि ज्या गाडीतून निघालं त्या गाडीचे कागद. "जुन्या मालाचं बिल नसतं" म्हणणाऱ्याचं इंजिन घेऊच नका. चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस तुमच्या दारात येतील, त्याच्या नाही. अपघाताच्या क्लेमला विमा कंपनीचा सर्व्हेअर चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघतो. नंबर जुळला नाही की क्लेम अडकतो. शिवाय २०२९ ला पुन्हा पासिंगला गाडी उभी कराल तेव्हा हाच प्रश्न येईल.

आपलाच ब्लॉक ठेवून इंजिन बांधलं तर नंबर तोच राहतो, यातलं काहीच करावं लागत नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. कागदांचं मला कुणीच सांगितलं नव्हतं.

ब्रीदर साफ केला, फरक नाही. टर्बोच्या पाइपात नुसता ओशटपणा होता. काल लीक टेस्ट केली, मी शेजारीच उभी होते. हवा चारही सिलिंडरमध्ये ऑइलच्या झाकणातूनच निसटते, बाकी कुठूनही नाही. पण मिस्त्रींना एक गोष्ट चमत्कारिक वाटली. तीन नंबरची गळती दोन नंबरएवढीच आहे. मग कॉम्प्रेशन एकट्या तीनचंच १७ का?

प्रतिसाद ३

ताई, मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर २२ वर्षं काम करतो. तुमच्या मिस्त्रींना माझा नमस्कार सांगा, त्यांनी बरोबर जागी बोट ठेवलंय.

गळती सारखी आणि कॉम्प्रेशन कमी, याचा अर्थ हवा निसटत नाहीये, मुळात ती पुरती दाबलीच जात नाहीये. पिस्टन वरपर्यंत पोचत नाही. कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी (इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी) जोडणारा रॉड, वाकलाय का ते बघा. सरळ विचारतो, गाडी कधी पाण्यात बंद पडली होती का? तुमचा रस्ता मला माहीत आहे.

धागाकर्ती

हे वाचून हातपाय गार पडले. हो. जुलै २०२४ च्या पुरात मांडुकलीजवळ. रस्त्यावर पाणी होतं, पुढचा टेम्पो गेला म्हणून मिस्टरांनीही गाडी घातली. मध्यावर बंद पडली. त्यांनी तिथंच दोनदा सेल्फ मारला, मग ट्रॅक्टरनं ओढून काढली. एअर फिल्टर चिंब भिजला होता. तेव्हा एका गॅरेजनं पाणी काढलं, ऑइल आणि फिल्टर बदलले आणि गाडी दिली. सुरू झाली, पळाली, म्हणून आम्ही विसरलो. थरथर मात्र त्यानंतरच सुरू झाली, हे आता जोडल्यावर लक्षात येतंय.

प्रतिसाद ३

तेच कारण असणार. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला की पिस्टन पाण्यावर आपटतो आणि रॉड वाकतो. फार वाकला तर ब्लॉक फोडून बाहेर येतो. थोडा वाकला तर गाडी तशीच पळत राहते, पण पिस्टन तिरका चालतो, लायनर एका बाजूनं खातो आणि क्रँकची पिन, जिथं रॉड बसतो ती, घासते.

म्हणून कुणी "नुसत्या रिंगा टाकू, २५ हजारात भागवू" म्हणालं तर ऐकू नका. तिरक्या पिस्टनवर नव्या रिंगा सहा महिनेही टिकणार नाहीत.

आता मूळ प्रश्न. इंजिन बांधायचं की बदलायचं हे खोलायच्या आधी ठरवू नका. हेड आणि ऑइल संप काढा, चारही रॉड-पिस्टन बाहेर काढा, क्रँक आणि ब्लॉक मापायला द्या. दीड दिवसाचं काम आहे. क्रँक पहिल्या अंडरसाइजला म्हणजे ०.२५ मिलिमीटर घासून साफ होत असेल आणि ब्लॉकला तडा नसेल, तर आपलं इंजिन बांधणंच शहाणपणाचं. क्रँक शेवटच्या साइजच्याही पलीकडे गेला असेल किंवा ब्लॉक फुटला असेल, तर कागदपत्रांसह दुसरं इंजिन शोधा. पण भंगारातलं इंजिनही आतून कसं आहे हे खोलल्याशिवाय कुणालाच कळत नाही. आमच्याकडे महिन्याला दोन-तीन इंजिनं अशी येतात, आणून बसवलेली आणि वर्षाच्या आत पुन्हा बांधायला आलेली. माणूस दोन्हीकडून पैसे घालवतो.

प्रतिसाद ४

थोडा हिशेब मांडतो. १२ दिवस गाडी बंद म्हणजे मंगळवार-शुक्रवार मिळून जास्तीत जास्त चार फेऱ्या. टॅक्सी पासिंगची गाडी ठरवली तर फेरीला साधारण २२०० धरा, चार फेऱ्यांचे ८८००. हे पैसे इंजिनाच्या खर्चातच धरा. घाई हे दुसरं इंजिन बसवण्याचं कारण राहत नाही. माझी आई डायलिसिसवर होती, त्यामुळे तुमचं पहाटे ५ चं निघणं मला कळतं. गाडीवाला आधीच पक्का करा, आणि तो आजारी पडला तर कोण, तेही ठरवून ठेवा.

धागाकर्ती

इंजिन खोललं. तीन नंबरचा पिस्टन अगदी वर आणल्यावरही बाकीच्या तिघांपेक्षा जवळपास पावणेदोन मिलिमीटर खाली राहतो. मिस्त्रींनी मला वाकून लायनरमध्ये बॅटरी मारून दाखवलं: बाकीच्या तीन सिलिंडरांत वरच्या कडेला काजळीचा अरुंद पट्टा आहे, तीन नंबरला तोच पट्टा रुंद आणि खालपर्यंत. पिस्टन जिथवर पोचतच नव्हता तिथं काजळी साचत राहिली. रॉड काढून काचेवर ठेवला तर वाक डोळ्यांनीच दिसत होता.  दोन वर्षं मामांना त्याच्यावर नेत होते.

उद्यमनगरातून मापं आली. ब्लॉकला तडा नाही. तीन नंबरची पिन अंडाकृती झालीय, पण ०.२५ ला साफ होते. मेन जर्नल, म्हणजे क्रँकचे ब्लॉकमध्ये फिरणारे भाग, नुसत्या पॉलिशवर चालतील. हेड प्रेशर टेस्टमध्ये पास, फेसिंग (तळ घासून सपाट करणं) हलकं करावं लागेल, दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गाइडसकट बदलायचे. म्हणजे बांधायचंच ठरलं. दादा, यात मिस्त्रींकडून आणखी काय करून घेऊ? पुन्हा खोलायची वेळ यायला नको.

प्रतिसाद ३

चार गोष्टींवर अडून बसा.

नवा रॉड एकटा आणला तर बाकीच्या तिघांशी वजन जुळवून घ्या, आणि त्या तिघांचाही सरळपणा तपासा. पाणी एकाच सिलिंडरमध्ये गेलं असेल असं नाही.

डिझेल फवारणारे नोझल चारही टेस्टिंगला द्या. हे लोक विसरतात. नोझल फवारा न मारता थेंब गाळत असेल तर नव्या लायनरवरचं ऑइल धुऊन काढतं आणि पिस्टनचं डोकं जाळतं. ९० हजारांचं काम एका नोझलनं वाया गेलेलं मी पाहिलंय.

ऑइल पंप मापून घ्या, खेळ जास्त असेल तर नवाच टाका. ऑइल कूलर, ऑइलच्या वाटा आणि संप केरोसिननं नाही, प्रेशरनं धुवा.

थर्मोस्टॅट काढून टाकायची सवय आहे आपल्याकडे. काढू देऊ नका, नवा बसवा. इंजिन थंड चाललं तर लायनर लवकर खातं.

आणि बोअरमधल्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरच्या, होनिंगच्या (घासणीच्या) तिरक्या रेषा स्वतः बघा. एकमेकींना छेदणाऱ्या हव्यात. आरशासारखा गुळगुळीत बोअर दिसला तर परत पाठवा, त्यावर रिंगा बसत नाहीत.

धागाकर्ती

गाडी आली. १३ दिवस लागले, चार फेऱ्या भाड्याच्या गाडीनं झाल्या. सगळं मिळून ९७ हजार, नोझल आणि ऑइल पंप धरून. सगळ्याची बिलं घेतली. तिरक्या रेषा मी बघितल्या, फोटोही काढून ठेवलेत. जुना रॉड मिस्त्रींनी मागून घेतला, शिकायला येणाऱ्या पोरांना दाखवायला.

काल पहाटे एकाच सेल्फला सुरू झाली. मामांनी गाडीत बसल्यावर विचारलं, "सुरू झाली का गं?" एवढी शांत.

अजून एक विचारायचं राहिलं. पुढच्या आठवड्यात नणंदेकडे वैभववाडीला जायचं आहे, करूळ घाटातून. पाच माणसं आणि सामान. अजून २०० च किलोमीटर झालेत. न्यावी का?

प्रतिसाद ३

ताई, उतरताना काही नाही, पण येताना तो घाट पूर्ण लोडवर चढावा लागेल. आधी ५०० होऊ द्या, ऑइल आणि फिल्टर बदला, हेडचे बोल्ट मिस्त्रींना विचारून पुन्हा टॉर्कला तपासा, मग जा. तोवर कोल्हापूरच्या फेऱ्या चालू ठेवा. एकाच वेगानं नेऊ नका, वेग कमी-जास्त करत राहा, आणि उभ्या गाडीला इंजिन फार वेळ चालू ठेवू नका. दर दोन दिवसांनी सकाळी थंड असताना ऑइलची कांडी बघा आणि आकडा वहीत लिहून ठेवा. हजार किलोमीटरला किती उतरलं ते इथं कळवा.