मदत हवी आहे: ऑफाज डाइक पाथ, श्रॉपशायरचा टप्पा, सोबत बाबा

नमस्कार मंडळी. मी बर्मिंगहॅमला राहते. मे महिन्यात बाबा पुण्याहून येताहेत. वय ६८, अजूनही दर रविवारी सिंहगड चढतात. लंडन दाखवण्यापेक्षा त्यांना चालायला न्यावं असं मनापासून वाटतंय.

आठव्या शतकात मर्सियाच्या (मध्य इंग्लंडमधलं जुनं राज्य) ऑफा राजाने बांधलेल्या मातीच्या बांधालगत, इंग्लंड-वेल्स सीमेच्या आसपास जाणारी ही वाट एकूण १७७ मैलांची आहे. आम्हाला फक्त नाइटन ते माँटगोमेरीजवळचा भाग करायचाय, कारण तिथे तो बांध अजून उंच आणि सलग दिसतो म्हणे. पण हाच भाग सगळ्यात दमवणारा, साधारण १५ मैल. एक टेकडी उतरलो की लगेच दुसरी चढायची.

चढाची मला भीती नाही, उताराची आहे. बाबांचा डावा गुडघा उतरताना दुखतो. कुंपणं ओलांडायच्या लाकडी पायऱ्या या टप्प्यात किती आहेत? दोन दिवसांत करायचं तर वाटेत मध्यावर असलेल्या न्यूकॅसल-ऑन-क्लन या खेड्याच्या आसपास मुक्काम मिळतो का? तंबू ठोकायला जमीनमालकाची परवानगी लागते, म्हणून खोलीच हवी. बाबा शाकाहारी आहेत. नाइटनपर्यंत रेल्वे आहे, पण दुसऱ्या टोकाहून परत कसं यायचं?

वयस्कर आईवडिलांना घेऊन कोणी गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.