ख्रिस्ताचा 'स्वभाव' की 'प्रकृती'?

प्रश्न

सुरुवातीच्या चर्चच्या इतिहासावरचा एक लेख मराठीत आणते आहे. ख्रिस्ताचं देवपण आणि माणूसपण ही एकच की दोन, या पाचव्या शतकातल्या वादासाठी मी 'एकस्वभाववाद' असं लिहिलं. आईला वाचून दाखवलं, तर तिने विचारलं, "येशूचा स्वभाव शांत होता की तापट, यावरून भांडले का हे लोक?" तेव्हापासून तो शब्द खटकतो आहे. फिसिस या ग्रीक शब्दाला मराठीत काय म्हणावं? आणि नायसियाच्या परिषदेतल्या होमोऊसिओस या शब्दाला 'समतत्त्व' चालेल का?

प्रतिसाद

'समतत्त्व' नको. जो फरक करण्यासाठी लोकांनी हद्दपारी सोसली, तोच आपल्या 'सम'मध्ये बुजतो.

अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस म्हणत होता, पुत्र (ख्रिस्त) हा पित्याने (देवाने) निर्माण केलेला. तो नव्हता असं कधीतरी होतं. ('काळ' हा शब्द त्याने या वाक्यात मुद्दाम टाळला आहे. अनुवादात 'एक काळ असा होता' असं लिहू नका.) त्याला उत्तर म्हणून ३२५ साली नायसियाच्या परिषदेने पुत्र पित्याशी होमोऊसिओस आहे असं ठरवलं. ऊसिया म्हणजे असणं, सत्त्व. तो ज्या क्रियापदावरून आला ते आणि आपला 'सत्' एकाच मुळाचे. होमोस (तोच, एकच) आणि आपला 'सम' हेही तसेच. म्हणजे घडणीने पाहिलं तर 'समसत्त्व' अगदी चपखल बसतो.

पण अर्थ बघा. समकालीन म्हणजे एकाच काळातले. समतुल्य म्हणजे दोन निराळ्या गोष्टी, तोलाने सारख्या. 'समान नागरी कायदा' म्हणजे सगळ्यांना एकच कायदा. 'स्त्री-पुरुष समान' म्हणजे बरोबरीचे. 'सारखं'चंही तेच. मराठी कान दोन्ही अर्थ एकाच शब्दात ऐकतो. आणि ३५८ मध्ये अँकायराला (आजचं अंकारा) बॅसिलभोवती जमलेल्या बिशपांचं म्हणणं हेच होतं की 'एकच' नको, 'सदृश' म्हणा. तो शब्द होमोइऊसिओस. मध्ये एक इओटा वाढला. त्यांना एरियस मान्य नव्हता. 'एकच' म्हटलं की पिता आणि पुत्र यांतला भेदच पुसला जाईल ही त्यांची धास्ती होती, आणि ती मला पोकळ वाटत नाही. होमोऊसिओस हा शब्द बायबलात नाही, शिवाय २६८ साली अँटिऑकच्या परिषदेत, पाखंडी ठरवलेल्या बिशपाच्या, सामोसाटाच्या पॉलच्या प्रकरणात, तो नाकारलाही गेला होता. नायसियाचा कट्टर कैवारी अथनेशियस, पण ३५९ मध्ये त्यानेही लिहिलं की या शब्दापाशीच अडलेल्यांना शत्रू नव्हे, भाऊ मानावं.

म्हणून माझी सूचना: होमोऊसिओसला 'एकतत्त्व', होमोइऊसिओसला 'सदृशतत्त्व'.

याच वादातला दुसरा शब्द, हिपोस्टासिस, तर तुम्हाला याहून जास्त छळेल. हिपो म्हणजे आपला 'उप', स्टासिस म्हणजे 'स्थिती'. अक्षरशः 'उपस्थिती', पण मराठीत ती शाळेच्या हजेरीपटावर गेली! नायसियाच्या निषेधवाक्यात ऊसिया आणि हिपोस्टासिस एकाच अर्थाने येतात. पुढे देवात (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) कोणी 'तीन हिपोस्टासिस' म्हणे, कोणी 'एक', आणि दोघेही एकमेकांना पाखंडी ठरवत. ३६२ मध्ये अलेक्झांड्रियाच्या परिषदेत दोन्ही गटांना 'तुम्हाला नेमकं काय म्हणायचं आहे?' असं विचारलं, तेव्हा आशय एकच निघाला. मग कॅपाडोशियाच्या धर्मपंडितांनी 'एक ऊसिया, तीन हिपोस्टासिस' ही मांडणी रुजवली. मराठीत 'एक तत्त्व, तीन व्यक्ती' लिहा.

प्रतिसाद

फिसिसला 'प्रकृती' सुचवतो, पण धाकधूक आहे. सांख्यांची प्रकृती जड, पुरुषाहून वेगळी. 'दैवी प्रकृती' म्हटलं की सांख्य माहीत असलेला वाचक बिचकणार.

प्रतिसाद

बिचकेल, तरी 'स्वभावा'पेक्षा ते परवडलं. खरं तर फिसिस आपल्या 'भू' धातूचा नातलग, म्हणजे 'भाव' त्याच्या सर्वांत जवळचा. पण भाव आपण भाजीचाही विचारतो. वाट ४५१ च्या कॅल्सेडनच्या व्याख्येतच आहे: ख्रिस्त 'देवत्वात परिपूर्ण आणि मनुष्यत्वात परिपूर्ण'. आपला '-त्व' प्रत्यय इथे नेमकं काम करतो. पहिल्यांदा 'प्रकृती (देवत्व आणि मनुष्यत्व)' असं लिहा, पुढे नुसतं 'प्रकृती' चालेल.

तिथलं भांडण शेवटी विभक्तीवर आलं, ते मराठीत सुंदर उतरतं. 'दोन प्रकृतींपासून' हे अलेक्झांड्रियाचा बिशप डायोस्कोरस याला मान्य होतं. रोमच्या प्रतिनिधींना ते पुरेना. परिषदेने 'दोन प्रकृतींत' केलं. पंचमी की सप्तमी! तेव्हा अनुवादात 'प्रकृतींतून' अजिबात लिहू नका, दोन्हींचा घोळ होतो. त्याच व्याख्येत चार क्रियाविशेषणं येतात, चारही नकारार्थी 'अ'ने सुरू होणारी, आणि मराठीत ती तशीच ठेवता येतात: अमिश्रित, अविकारी, अविभाज्य, अवियोज्य. पहिल्या दोनांचा रोख युटिकीसवर (मनुष्यत्व देवत्वात विरलं असं म्हटल्याचा ठपका असलेला मठाधिपती), नंतरच्या दोनांचा नेस्टोरियसवर (दोन्ही फार वेगळी पाडल्याचा ठपका असलेला बिशप).

'एकप्रकृतिवाद' हे नाव मात्र विरोधकांनी दिलेलं आहे. कॉप्टिक, आर्मेनियन, सिरियाक, इथिओपियन आणि केरळातले मलंकरा ऑर्थोडॉक्स ते स्वतःसाठी वापरत नाहीत. देवत्वाने मनुष्यत्व गिळलं असं ते म्हणतच नाहीत; युटिकीसला तेही नाकारतात. अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल याची 'देहधारी झालेल्या शब्दाची (म्हणजे ख्रिस्ताची) एक प्रकृती' हा त्यांचा आधार. इथिओपियन चर्चच्या नावातल्या 'तेवाहेदो'चा अर्थच 'एक झालेलं'. त्यांच्यासाठी 'एकीभूत-प्रकृतिवादी' लिहा. शब्द लांब झाला तरी चालेल, अन्याय नको.

प्रतिसाद

मी गोव्याची, म्हणून थिओटोकोसबद्दल लिहिते. ४२८ मध्ये कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झालेल्या नेस्टोरियसने मरियेला थिओटोकोस, म्हणजे 'देवाला जन्म देणारी', म्हणायला हरकत घेतली. तो 'ख्रिस्ताला जन्म देणारी' म्हणे. ४३१ ला एफिससमध्ये तो पदच्युत झाला. आमच्या घरी रोजारीला 'नमान मोरिये' या प्रार्थनेत 'देवाचे माये' म्हणतात ना, तोच हा शब्द. लेखात 'देवमाता' लिहा, कोणीही अडखळणार नाही.

याच वादाची झळ आपल्याकडेही पोचली. १५९९ मध्ये गोव्याचा आर्चबिशप अलेइशो द मेनेझिसने केरळात उदयंपेरूरला सभा भरवली आणि तिथल्या सिरियन ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनांतून नेस्टोरियसचं नाव काढायला लावलं. त्यांचे सिरियाक ग्रंथ तपासून दुरुस्त करण्याचे, नाहीतर जाळण्याचे हुकूम निघाले. ज्या पूर्वेकडच्या चर्चशी ते जोडलेले होते, त्या चर्चचा तेव्हाचा प्रमुख मार दिंखा आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी ११ नोव्हेंबर १९९४ रोजी संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. मरियेला 'देवाची माता' म्हणणं आणि 'ख्रिस्ताची माता' म्हणणं, दोन्ही एकाच श्रद्धेचे योग्य उद्गार आहेत, असं त्यात दोघांनी मान्य केलं आहे.